बी-२ मधलं माझं नाव

गुरुवार, रात्री साडेअकरा

सिव्हिलच्या सर्व्हेइंगच्या (जमीन मोजणीच्या) बी-२ बॅचच्या ग्रुपवरून आज मला काढलं. सोहमनेच काढलं. त्यात वावगं काहीच नाही. सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी आहे तो, सरांनी बॅचच्या नव्या याद्या मागितल्या असणार आणि ब्रँच बदललेल्यांची नावं त्याने कमी केली असणार. मला कळवायची गरजही नव्हती. तरी मेसमध्ये ताट पुढ्यात असताना ती एक ओळ वाचली आणि पुढचा घास घशाखाली उतरेना. मृणालने विचारलं, काय झालं गं? काही नाही म्हटलं. सांगणार तरी काय? मागितलं तेच तर मिळालंय. सिव्हिलमधून कॉम्प्युटर. यादी लागली त्या दिवशी पप्पांनी ऑफिसात पेढे वाटले. आणि मी इथे एका ग्रुपसाठी रडवेली झालेय.

सेकंड इयर सुरू झालं तेव्हा ब्रँच बदलाची यादी लागली नव्हती, म्हणून सिव्हिलच्याच वर्गात बसत होते. सगळे म्हणायचे, यादी लागेपर्यंत नुसती हजेरी लाव. मीही तसंच ठरवलं होतं. पण लेव्हलिंगचं, म्हणजे जागांच्या उंचीतला फरक मोजायचं प्रॅक्टिकल सुरू झालं. पहिल्यांदा माझ्याकडे स्टाफ आला, म्हणजे आकडे आखलेली उभी पट्टी, चार मीटरची, ॲल्युमिनियमची, तुकड्यातुकड्याने वर सरकणारी. ती वाऱ्यात सरळ उभी धरायची, एवढंच काम, आणि तेवढ्याने खांदे भरून येतात. पुढच्या वेळी ऑटो लेव्हलवर, त्या पट्टीवरचा आकडा वाचायच्या दुर्बिणीवर, मी होते. पाऊस भुरभुरत होता. छत्री यंत्रावर, आम्ही चौघं भिजत. दुर्बिणीतून आधी नुसतं धुकं दिसलं, मग फोकस फिरवत गेले तशा काळ्या-पांढऱ्या पट्ट्या अचानक लख्ख उभ्या राहिल्या. एकेक पट्टी पाच मिलिमीटरची. मधल्या आडव्या रेघेवर आलेला आकडा मी मोठ्याने ओरडून सांगायचा आणि सोहमने फील्ड बुकात लिहायचा.

लायब्ररीच्या पायरीपासून निघालो, वर्कशॉपला वळसा घालून परत त्याच पायरीवर आलो. मग ताळा. बॅकसाइटची (मागच्या वाचनांची) बेरीज वजा फोरसाइटची (पुढच्या वाचनांची) बेरीज, राइजची (चढांची) वजा फॉलची (उतारांची), शेवटची आरएल (काढलेली उंची) वजा पहिली, तिन्ही उत्तरं एकच यायला हवीत. आली! आम्ही उड्याच मारल्या. सर म्हणाले, "हिशेब जुळला म्हणजे बेरीज-वजाबाकी बरोबर. वाचन बरोबर होतं का, ते ती पायरी सांगेल." आहे त्याच पायरीवर परत आल्यावर उंची तीच निघायला हवी, आमची दहा मिलिमीटरने चुकली होती. "चालतंय," म्हणाले. एवढ्या मोठ्या फेऱ्यात फक्त दहा मिलिमीटर. मला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं, ते कुणालाच सांगितलं नाही.

तात्यांना सांगायला हवं होतं. सिव्हिल मिळालं तेव्हा घरात खरा आनंद त्यांना एकट्याला झाला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते कोयनानगरलाच होते. भूकंपानंतर कोयना धरणाला भेगा गेल्या त्या कुठे गेल्या, तर भिंतीचा मागचा उतार जिथे बदलतो त्याच्या आसपास, हे मला पुस्तकाआधी त्यांनी सांगितलं. हाताचा पंजा उभा धरून, बोटांच्या पेरापाशी खूण करून. ब्रँच बदलल्यावर त्यांना मी अजून फोन केलेला नाही. पप्पांनी सांगितलं असेल.

दुपारी मावशीचा फोन येऊन गेला होता. तिच्या चिन्मयच्या कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या चालू आहेत. म्हणाली, "तू डोकं लावलंस बघ. आधी सिव्हिलने सरकारी कॉलेजात शिरलीस आणि मग कॉम्प्युटर. ह्यालाही तसंच कर म्हणते." मी हं हं करत राहिले, पण ते मनात सलतंय. डोकं कुठलं लावलं? ऑप्शन फॉर्म भरताना पप्पांनी आदल्या वर्षीचे कटऑफ छापून आणले होते आणि आम्ही आकड्यांच्या उतरत्या क्रमाने नावं टाकत गेलो. कॉम्प्युटर, आयटी, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), मेकॅनिकल, सिव्हिल. सीईटीत गणिताला १०० गुण असतात आणि नेमकं गणितच मला त्या दिवशी आडवं आलं. सीईटीच्या पर्सेंटाइलने सिव्हिलवर नेऊन ठेवलं, पहिल्या वर्षाच्या सीजीपीएने (सरासरी गुणांनी) कॉम्प्युटरवर. दोन्ही वेळा माझा क्रमांक गेला आणि मी त्याच्या मागून गेले. तुला काय आवडतं, असं विचारणारा रकाना ना त्या फॉर्मात होता ना ह्या. मग आवडलं ते आपलं आपणच, कुणी न विचारता आवडलं, आणि नेमकं तेच आज यादीतून गेलं. बहुतेक हेच लागलंय मला. सोहमचं काही नाही त्यात.

चिन्मयला मात्र रात्री स्वतःहून फोन केला. म्हटलं, माझ्या भरवशावर काही टाकू नकोस. दुसऱ्या वर्षी जागा उरली तर बदल होतो. कुणी सोडून गेलं, कुणाचा प्रवेश रद्द झाला, तेवढ्याच जागा, आणि त्यांवर पहिल्या वर्षी जीव तोडून अभ्यास केलेले सगळे टपलेले. कॉम्प्युटरमधून उठून जातंय कोण? शिवाय यंदा पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला, दुसरीत पहिल्या तिनांतला किंवा तिसरीत पहिल्या सहांतला, तर सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून वरची सहा नावं तरी स्वतःच्या मनाने लिही, मावशीच्या नको. तो म्हणाला, "ताई, मला इन्स्ट्रुमेंटेशन आवडतं, पण घरी बोललो नाहीये." बोल म्हटलं. आज माझ्या हातून एवढं तरी झालं.

कॉम्प्युटरच्या वर्गात अजून एसटीत मधल्याच स्टॉपला चढल्यासारखं वाटतं, बसायला जागा मिळाली तरी सामान कुठे ठेवावं ते कळत नाही. त्यांचे ग्रुप पहिल्या वर्षीच ठरलेत. मी मागच्या बाकावर, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांबरोबर. त्यातल्या इचलकरंजीच्या मुलीने आपणहून तिचं जर्नल दिलं, राहिलेली प्रॅक्टिकल उतरवून घ्यायला. काल तिच्याशेजारी बसून लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम लिहिला. कितीतरी वेळ एरर. मग एकदाचा चालला आणि मला तेच वाटलं, पायरीपाशी वाटलं होतं ते. हे लिहिताना लक्षात येतंय. म्हणजे तेही खरं होतं, हेही आहे. दोन्हींतलं एक खोटं ठरवायची मला एवढी घाई का?

मल्टिडिसिप्लिनरी मायनरसाठी पसंतीक्रम द्यायचाय, सोमवारपर्यंत. आपल्या विभागाबाहेरचे विषय. यादीत सिव्हिलचाही आहे. आमच्या वर्गातले बहुतेक सगळे मॅनेजमेंटकडचं काहीतरी घेतायत. मी पहिल्या पसंतीला सिव्हिल टाकणार. मृणाल म्हणते, तिथेही वाटप सीजीपीएनेच होणार आहे. होऊ दे. पण हा पहिला क्रमांक कटऑफ न बघता लिहिलेला असेल, आणि तात्यांना फोन केला की हे आधी सांगेन.

सकाळी आठला लॅब आहे. अजून जर्नलची चार पानं उतरवायची आहेत.