‘आता तरी विकणार ना?’

अपघातानंतरही बुलेट का चालवता, असे तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. पंचविशीत असताना ‘बाई माणूस असून बुलेट कशाला?’ असे विचारले जायचे. साठीला टेकल्यावर ‘या वयात, आणि एवढे होऊनही?’ असे विचारले जाते. माझ्याच वयाचा पुरुष रविवारी दारात बुलेट पुसताना दिसला की त्याला हौशी म्हणून सोडून देता, माझ्याकडे मात्र कारण मागता. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या मुलींचे फोटो तुम्हीच मला कौतुकाने पाठवता. त्या मुलींबद्दल माझी तक्रार नाही. पण ती एका सकाळची मिरवणूक असते. मी बँकेत, मंडईत, माहेरी आणि पार रत्नागिरीपर्यंत तीच गाडी नेली.

पूर्वी माझे उत्तर तयार असे: ‘भाऊ चालवतो, मग मी का नाही?’ ते खरे असते, तर विरोध संपल्यावर हौसही संपायला हवी होती. सासरी कोणी आडकाठी केली नाही, तरी ती सुटली नाही. तेव्हा तू भांडत होतीस ते भलत्याच गोष्टीसाठी, असे त्या पंचविशीतल्या बाईला सांगावेसे वाटते. ती ऐकणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

अपघाताचे तुम्ही ऐकले आहे, पण ‘वेगात होती’ असे जे सांगितले जाते ते खोटे आहे. आंबा घाटातून साखरप्याच्या, म्हणजे रत्नागिरीच्या बाजूला उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. मृगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. उन्हाळाभर रस्त्यात मुरलेले तेल आणि धूळ या पहिल्या पावसात वर येते. त्यात कुठल्याशा ट्रकच्या काठोकाठ भरलेल्या टाकीतून वळणावर डिझेल सांडले होते. ओल्या डांबरावरचा रंगीत तवंग मला दिसला तेव्हा गाडी उजवीकडे कललेली होती. अशा वेळी ब्रेक लावला की माणूस आडवा होतो, हे पक्के माहीत असल्यामुळे मी ब्रेकला स्पर्शही केला नाही, तरी मागचे चाक घसरायचे ते घसरलेच. दीडशे किलोंच्या वरची ती गाडी उजव्या अंगावर आडवी झाली आणि माझा पाय तिच्याखाली राहिला. घाट चढणारी एसटी थांबली. कंडक्टरने धावत येऊन आधी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि मग माझ्याकडे पाहिले. तो क्रम मला आजही योग्य वाटतो.

नडगीत रॉड बसवला. दवाखान्यात भेटायला येणारे लोक ‘दुखते का?’ हे विचारायच्या आधी ‘आता तरी विकणार ना?’ असे विचारत. यजमानांनी एकदाही विचारले नाही. त्यांनी टेम्पो करून गाडी घरी आणली आणि पडवीत लावली. पाय टेकता येऊ लागल्यावर एका दुपारी, घरात कोणी नसताना, मी तिच्यावर बसले. जुन्या बुलेटला किकही उजव्या पायाची आणि गिअरही उजव्याच पायाचे, पहिला वर आणि बाकीचे खाली. म्हणजे पहिला गिअर टाकायचा तर चवडा वर उचलावा लागतो. घोटा मात्र निम्म्यातच अडत होता. इंजिन बंद, गाडी स्टँडवर, आणि मी गिअरच्या दांडीखाली पाय सरकवून तो हाताने वर ओढते आहे. दवाखान्यात आले नव्हते ते रडू मला तिथे आले.

शेवटी बटण स्टार्टची, डावीकडे गिअर असलेली नवी बुलेट घेतली. पंचविशीतल्या मी तिला बुलेट म्हटलेच नसते. पण पायांना सवय जुनीच होती, त्यामुळे गिअर बदलायला उजवा पाय जाई आणि मागचा ब्रेक करकचून लागे. घाटातल्या त्या वळणापेक्षा हा धोका मोठा होता. त्याबद्दल कोणीच विचारले नाही.

मग कशासाठी? स्वातंत्र्य, लडाख, मोकळा वारा ही उत्तरे माझी नाहीत. वळण घेताना हँडलची आतल्या बाजूची मूठ किंचित पुढे ढकलायची, नजर वळण जिथे संपते तिथे ठेवायची आणि थ्रॉटल एकसारखा धरायचा. हे तिन्ही जुळून आले की गाडी आपोआप कलते आणि आपोआप उभी राहते. ते जुळल्याचे जे सुख आहे ते मला दुसऱ्या कशात मिळालेले नाही, आणि याहून भारदस्त कारण माझ्याजवळ नाही. भीती वाटते का, तर वाटते. पावसाळ्यात मी घाट उतरत नाही.

तुमच्या प्रश्नांना मी एवढे तरी उत्तर देऊ शकते. मुलीच्या बोलण्याला ते पुरत नाही. ती म्हणते, ‘आई, तुझा आनंद मला कळतो, पण त्या दिवशी घरचा फोन मी उचलला होता.’ मी हेल्मेटचे, नव्या टायरचे, वेगाचे सगळे मुद्दे मांडते. ती म्हणते, पावसाळ्यात उतरत नाहीस, तर उन्हाळ्यातही उतरू नकोस. दोघींनाही आपापले म्हणणे सोडवत नाही. गणपती झाले की हा वाद पुन्हा होईल, कारण दसऱ्यानंतर रत्नागिरीला जायचे मी ठरवले आहे, साखरप्यावरूनच.