दाव्यापासून लिलावापर्यंत: आमच्या ग्रामसभेचा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा गोंड गावाच्या वनहक्क समितीचा मी सचिव आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात घरात रोख पैसा येतो तो मोहफुलं आणि तेंदूपत्त्यातून. पण पूर्वी तेंदूचा लिलाव वनविभाग करायचा, पानं ठेकेदार न्यायचा आणि भावाबद्दल गावाला कुणी विचारायचं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालावरची, गावाची मालकी मान्य केली. बांबू आणि तेंदू दोन्ही त्यात नावानिशी आहेत. 2011 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं, तेव्हापासून आमच्या गावातही सामूहिक वनहक्काच्या दाव्याची चर्चा सुरू झाली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हद्द ठरवण्यात, आणि तो जायलाच हवा होता. म्हाताऱ्या माणसांना घेऊन आम्ही जंगल फिरलो. एका नाल्यापाशी आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "या नाल्याच्या अलीकडचे मोह आपले, पलीकडचे त्या गावचे. माझ्या सासूनं मला दाखवलं होतं." तिथेच बसून त्यांचा जबाब लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. देवस्थानं, मसणवट, जुन्या विहिरी नकाशावर आल्या. तहसीलमधून निस्तारपत्रकाची, म्हणजे गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढली, शेजारच्या गावांना कळवून त्यांचे ठराव घेतले. न शिकलेल्या आजीचा शब्द हा कायदा पुरावा म्हणून धरतो, याचं मला फार मोल वाटतं.

पुढे अडलं ते पडताळणीवर. वन आणि महसूल खात्याला आम्ही तारीख कळवली होती, पण त्या दिवशी कुणी आलं नाही. आम्ही पाहणी करून दावा पाठवला, तर संयुक्त पडताळणी झालेली नाही म्हणून फाइल परत आली. 2012 च्या सुधारित नियमांत याचं उत्तर आहे: अशा कारणाने दावा परत आला तर फेरपडताळणी करायची, आणि पुन्हा सूचना देऊनही अधिकारी आले नाहीत तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. आम्ही नव्याने लेखी सूचना दिली, पोच घेतली. पुन्हा कुणी आलं नाही, तेव्हा तसा ठराव करून पोच जोडली आणि दावा पुढे सरकला. म्हणून दावा करणाऱ्या प्रत्येक गावाला माझं एकच सांगणं आहे: तोंडी निरोपावर थांबू नका, प्रत्येक कागदाची पोच घ्या.

हक्कपत्र मिळालं आणि खरा व्यापार समोर आला. त्याची तयारी कुणी करून दिली नव्हती. बँकेत खातं उघडायला गेलो तर संस्थेचा नोंदणी क्रमांक मागितला. ग्रामसभा ही नोंदणी केलेली संस्था नाही, तिला कायद्यानेच अधिकार दिले आहेत, हे काउंटरवर समजावून सांगायला हक्कपत्राची आणि ठरावाची प्रत लागली. पॅन काढलं, निविदेची जाहिरात दिली. पहिल्यांदा एकटेच विकायला बसलो तर बोली लावणारे मोजकेच. पुढच्या हंगामात शेजारच्या ग्रामसभांसोबत एकत्र लिलाव केला, तेव्हा भावात बोलायला जागा मिळाली. करारात पानं तोडण्याची मजुरी आणि रॉयल्टी, म्हणजे मालकीपोटी ग्रामसभेला मिळणारी रक्कम, वेगवेगळी लिहून घेतली आणि हप्ता जमा झाल्याशिवाय माल उचलायचा नाही, ही अट घातली. फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, पुडे मोजायला गावातलीच पोरं असतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक पोतं. सगळी नोंद आमच्या वहीत.

कायद्याने वनोपजाची मालकी दिली, पण धंद्याला लागणारं भांडवल आणि गोदाम दिलं नाही. पानं ठेवायला जागा नसेल तर ठेकेदार म्हणेल त्या दिवशी विकावी लागतात, आणि मालकी असूनही हात बांधलेले राहतात. आदिवासी विकासाच्या निधीतून ग्रामसभांना गोदामं मिळायला हवीत, ही मागणी आम्ही करतोच आहोत.

करांचंही तसंच. तेंदूपानावर 18 टक्के जीएसटी होता आणि भाव ठरवताना ठेकेदार तोच पुढे करून दर खाली ओढायचे. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला आहे. उरलेला फरक पानं तोडणाऱ्या बायांच्या हाती पोचावा, म्हणून यापुढच्या निविदांत दर करासह न मागता कर वगळून मागायचा, असा ठराव आम्ही ग्रामसभेत मांडतो आहोत.