पद्माळ्याचे दादा

वसंतदादा पाटलांचं नाव निघालं की आमच्याकडं पहिल्यांदा 24 जुलै 1943 निघतो. निघणारच. सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून खंदकात उड्या, कृष्णेला पाणी चढलेलं, मागून गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण मला दादा कळले ते आमच्या ट्रंकेतल्या एका कागदावरून.

दादांच्या साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला आहे तो. कडा वाळवीनं खाल्ल्यात, सहीच्या जागी आजोबांचा अंगठा, शाई जरा फुटलेली. आजीच्या पुतळ्या मोडून घेतलेला शेअर. एवढा भरवसा कसा टाकला म्हणून विचारलं, तर आजोबा म्हणाले, "आरं, ढेकळं तुडवल्याला गडी त्यो. बुडवायचा न्हाई."

दादा सांगलीजवळच्या पद्माळ्याच्या शेतकऱ्याचं पोर. आईवडील लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं, शाळा जेमतेम. 1952 ला आमदार झाले आणि त्याच दशकात सांगलीला सहकारी साखर कारखाना उभा करायच्या मागं लागले. उसाचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. तोडलेला ऊस वाळत जातो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. दरासाठी अडून बसायला शेतकऱ्याला सवडच नसते. म्हणून वजनाचा काटाही आपला पाहिजे आणि ऊस गाळपाला टाकायची गव्हाणही.

1977 ला ते मुख्यमंत्री झाले, 1978 ला सरकार पडलं, 1983 ला परत आले. त्याच वर्षी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर सरकारी जागा मोजक्या. ज्यांच्याकडं पैसा, त्यांची पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची. माझा थोरला भाऊ चांगले मार्क पडूनही 1981 ला औताला लागला. धाकट्याला 1984 ला जवळच प्रवेश मिळाला. हुशारीत दोघांत काडीचा फरक नव्हता.

आता थोरल्याच्या नातवाची फी भरायला आम्ही रान गहाण ठेवलंय, तेव्हा या लुटीवर मी पांघरूण घालणार नाही. दार उघडलं ते दादांनी. फीला चाप लावायचा तो आज खुर्चीत आहेत त्यांनी, आणि मत मागायला दारात आले की मी ते विचारणारच आहे.