पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमधले (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, काढून तिथे इलेक्ट्रॉनिक पिकअप (तेच काम करणारा सेन्सर) बसवला की झालं असं बरेच जण म्हणतात, पण आधी डिस्ट्रिब्युटरचा फिरणारा शाफ्ट हलवून बघा ना! आमच्या पद्मिनीच्या शाफ्टला एवढा प्ले (ढिलेपणा) होता की पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडायचा, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, स्थिर राहणार कसं. पुण्याच्या नाना पेठेतून बुश (शाफ्टला आधार देणारी बाही) आणला, लेथवाल्याकडून मापात करून घेतला, आणि आतली ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) वजनं रॉकेलने धुतली तर काळ्या घट्ट ग्रीसखाली एक स्प्रिंग पार सैल झालेली निघाली, तीही बदलली. हेच खरं काम. पिकअप पटकन बसतो, फक्त ठिणगीचं व्होल्टेज देणाऱ्या कॉइलचा रेझिस्टन्स पिकअपच्या मॉड्युलला (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालतोय ना ते मीटरने तपासा, नाहीतर मॉड्युल जळू शकतं. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम) तीच, १-३-४-२. आता आयडलला टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) टायमिंगची खूण जागची हलत नाही आणि कात्रजचा घाट गाडी नॉक (इंजिनात ठकठक) न करता चढते, काय भारी वाटतं!