पाचगावचा काळा दगड आणि टॉवरची अर्थिंग: काटा अखेर विसाच्या खाली

काल संध्याकाळी अर्थ मेगरचा (अर्थिंगचा रोध मोजणाऱ्या यंत्राचा) काटा १८ ओहमवर थांबला. वळवाच्या आधी विसाच्या खाली यायचंच, असं ठरवलं होतं. माझ्या हॅम रेडिओचा टॉवर, त्यावरचा यागी अँटेना, तो फिरवणारा रोटर हे मागच्या अपडेट्समध्ये येऊन गेलंय, म्हणून आज फक्त जमिनीखालचं.

नदीकाठच्या काळ्या मळीत घर असणाऱ्यांना हे दुखणं कळायचं नाही. चिखलीकडे ३ मीटरचा रॉड घणाखाली सरसर आत जातो. आमच्या पाचगावच्या माळावर वर वीतभर माती, मग मुरूम आणि कमरेइतकं खाली गेलं की अखंड काळा पाषाण. खोदकामाला आलेल्या मामांनी पहार दोनदा आपटली आणि म्हणाले, "सायेब, हितनं खाली नुसता वाजतोय बघा." रॉड तिथंच अडला. रीडिंग ९० ओहमच्या वर.

जो तो सांगत होता, मीठ-कोळसा भरा. मी भरला नाही. आपल्याकडच्या पावसात मीठ दोन-चार वर्षांत वाहून जातं, आणि जाताना जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पाईप खाऊन जातं. बंद पडलेल्या बोअरमध्ये तांब्याची तार सोडायचाही विचार होता. मेगरवर आकडा सुंदर आला असता, पण आकाशातली वीज मेगरच्या करंटसारखी हळू येत नाही. एका मायक्रोसेकंदात हजारो अँपिअर चढतात आणि सरळ तारेचं इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री असतं. म्हणजे १० किलोअँपिअर प्रति मायक्रोसेकंद या वेगाला दर मीटरमागे १० हजार व्होल्ट. लांबलचक एकाच तारेचा खालचा भाग त्या क्षणी कामालाच येत नाही. त्यापेक्षा टॉवरच्या पायापासून चहूकडे फुटणाऱ्या आखूड वाटा बऱ्या.

म्हणून उभं जाणं सोडलं आणि आडवं गेलो. टॉवरच्या पायापासून तीन दिशांना ८-८ मीटरचे चर, मुरूम संपेपर्यंत खोल, त्यात जीआय पट्टी, आणि पट्टीभोवती बेंटोनाइट, म्हणजे ओलावा धरणारी चिकणमाती. 'अर्थिंग कंपाउंड'च्या रंगीत पिशव्यांना जे पैसे मागतात ते ऐकून मी परत फिरलो होतो. मग लक्षात आलं, आपण कोल्हापुरात राहतो! शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या साच्याची वाळू बांधायला बेंटोनाइटच वापरतात. फाउंड्रीला माल पुरवणाऱ्याकडून सोडियम बेंटोनाइटची पोती आणली, फार स्वस्तात. थालीपीठाच्या पिठाइतकं सैल कालवून पट्टीच्या खाली-वर थापलं आणि वरून चाळलेली माती दाबली. वरवर पुरू नका. उन्हाळ्यात ते सुकलं तर आकसून पट्टीपासून सुटतं.

मोजताना एक पथ्य पाळाच. घराची अर्थ सोडवून मगच मोजा, नाहीतर महावितरणच्या न्यूट्रलची अर्थ तुमच्या नावावर जमा होते आणि आकडा खोटाच गोड दिसतो. मी मेगरची करंटची खुंटी शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून ५० मीटरवर नेली आणि व्होल्टेजची खुंटी त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर ठोकली. ती ३-३ मीटर पुढेमागे करूनही काटा १८ लाच. हा क्षण मला फार आवडला.

आता वादाचा मुद्दा. आमच्या वायरमनकाकांचं ठाम मत: "टॉवरची अर्थ वेगळीच ठेवा, घराला जोडली तर वीज घरात येईल." काकांचा मला आदर आहे, पण इथे मी त्यांचं ऐकणार नाही. २० किलोअँपिअरचा झटका १८ ओहममधून गेला तर टॉवरचा पाया ३ लाख ६० हजार व्होल्टवर चढतो. ५ ओहम असते तरी लाखभर होतेच. अर्थ वेगळ्या ठेवल्या तर टॉवर आणि घर यांच्यातला हा फरक कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) शील्डमधून, म्हणजे थेट रिगमधून (रेडिओ संचातून), मिटवला जातो. दोन्ही जोडलेल्या असतील तर सगळं घर एकत्र वर चढतं आणि एकत्र उतरतं. ओहम कमी करण्याइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व या जोडणीला आहे. काकांना कागदावर आकडे मांडून दाखवले. "बघू," म्हणाले. आमच्याकडे तो होकार धरतात.

जोडणी टिन केलेल्या तांब्याच्या पट्टीची. वळण २० सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा आवळ नको, म्हणून २०० लिटरच्या पिंपाभोवती वाकवली. टॉवरच्या जीआय पायाला तांबं थेट लावायचं नाही, जस्त खाल्लं जातं. उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून ३०४ स्टेनलेसचे क्लॅम्प करून घेतले. कडा इतक्या साफ की बोट फिरवत बसावं. ऑनलाइन मागवलेल्या 'कॉपर बाँडेड', म्हणजे तांब्याचा थर चढवलेल्या, रॉडचा अनुभव मात्र उलटा: कानस एकदाच फिरवली आणि लोखंड दिसलं. २५० मायक्रॉनचा थर असला तर असं होत नाही. रॉड घेण्याआधी कानस खिशात ठेवा.

खिडकीपाशी ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्यावर २३० व्होल्टचे गॅस ट्यूब अरेस्टर (व्होल्टेज फार चढलं की ते अर्थकडे वळवणाऱ्या नळ्या). रिगच्या १०० वॅटला ५० ओहमवर शिखर व्होल्टेज १०० असतं, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून ऊर्जा किती परत फिरते त्याचं माप) ३ झाला की १५०. ९० व्होल्टवाली ट्यूब बोलता बोलताच पेटेल.

आणि हे लिहिताना नवीनच सुचलं. मागची कंपाउंड भिंत पाडून नवी बांधतोय, तिचा प्लिंथ बीम अजून ओतलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात हर्बर्ट युफर यांनी ॲरिझोनाच्या कोरड्या जमिनीत, दारूगोळ्याच्या कोठारांसाठी, काँक्रीटमधल्या सळ्याच अर्थ म्हणून वापरल्या होत्या. काँक्रीट ओलावा धरून ठेवतं, आणि खडकाळ जागेला याहून बरं काय? किमान ६ मीटर सलग सळी आणि भोवती ५ सेंटीमीटर काँक्रीट हवं. खाली प्लास्टिक अंथरायचं नाही. एकट्या बीमवर भिस्त ठेवणार नाही, झटक्याने काँक्रीट तडकू शकतं. पण तीन पट्ट्यांच्या जोडीला चौथी वाट म्हणून उत्तम. त्यामुळे मनात असलेला चौथा चर रद्द, दगड फोडायच्या ब्रेकरचं भाडं वाचलं.

गवंड्याला आजच सांगून येतो, सळीचं एक टोक वर मोकळं ठेव म्हणून. थर्माइट वेल्डिंगचा (सांध्यावर वितळलेला धातू ओतून जोडायचा) साचा कुणाकडे असेल तर कळवा. पट्टी-सळीचा तो सांधा नट-बोल्टवर सोडायचा नाहीये.