पुणे–वाई, मागे कॅराव्हॅन: डिझेल कुठे वाचतं

ऑटोमॅटिक एसयूव्हीला कॅराव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेला चाकांचा डबा, जोडून वाईला जाऊन आलो. एरवी लिटरला 12 किलोमीटर देणारी गाडी 7 च्या आसपास आली आणि मला तरी ते बरंच वाटलं.

वारज्यातून पहाटे निघून उजाडायच्या आत खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकला. एवढं वजन थांबून थांबून पुन्हा हलवण्यातच डिझेल सगळ्यात जास्त जातं. सुट्टीच्या दिवशी आठ वाजता निघणाऱ्यांनी मग अॅव्हरेज विचारू नये.

हायवेला 70 धरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 वरून 70 वर आलात की तो जवळपास पाव हिस्सा कमी होतो, आणि कॅराव्हॅनचं थोबाड तर भिंतीसारखं उभंच असतं. पाण्याची टाकी वाईत भरा, 100 लिटर म्हणजे 100 किलो. सामान लावताना एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के भार हुकावर येऊ द्या, नाहीतर मागचा डबा डुलायला लागतो. टायरची हवा निघायच्या आधी, टायर थंड असताना बघा.

खरी परीक्षा खंबाटकी घाटाची. गाडी डी मध्येच ठेवली तर चढाला गिअरबॉक्स वरखाली करत बसतो. इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. दर वेळी त्याचं लॉकअप, म्हणजे थेट जोड, सुटतं, इंजिनाची ताकद तेल घुसळण्यात जाते, तेल तापतं ते वेगळंच. म्हणून चढ लागायच्या आधीच मॅन्युअल मोडला टाकून खालचा गिअर घेतला, पाय एकसारखा ठेवला. काट्याकडे बघत राहिलो तर आरपीएम हलेचना. मागून हॉर्न वाजतात, वाजू द्या.

परतीला नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेल्या ट्रकांनी इथे काय केलंय ते पुणेकरांना सांगायला नको. बरं, त्यात वाचतही काही नाही. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की आताची इंजिनं इंजेक्शनच बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र आयडलिंगचं डिझेल जळतच राहतं. खालचा गिअर घ्या, म्हणजे ब्रेकही तापत नाहीत.

पाचगणीला जायचंच असेल तर कॅराव्हॅन वाईतच लावा आणि पसरणी घाट नुसत्या गाडीने चढा.