फर्मेंटरपासून फौंड्रीपर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापुरात सल्लागार म्हटला की उद्योजकांना बँकेच्या कर्जाची फाईल तयार करणारा किंवा जीएसटीची विवरणपत्रे भरणारा माणूस आठवतो. आमची फर्म ही दोन्ही कामे करत नाही. पंचवीस-तीस कामगारांच्या कारखान्यात मालाला खरा खर्च किती येतो, कोणते काम घ्यावे, कोणते सोडावे आणि वाढीसाठी पैसा कोठून उभा राहील, एवढेच आम्ही मालकासोबत बसून शोधतो. या कामाकडे मी जैवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रातून आले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी पुण्याजवळच्या एका एन्झाइम बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाले. बायोकॉनने १९७८ मध्ये बंगळुरूत एन्झाइमपासूनच सुरुवात केली होती आणि हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बीची देशी लस बाजारात आणली होती. आपल्याकडेही असे काही उभे राहू शकते, हा विश्वास आम्हा विद्यार्थ्यांना या उदाहरणांनी दिला. या क्षेत्रात विक्रीचा पहिला रुपया येण्याआधी कित्येक वर्षे नुसता खर्चच होत असतो, त्यामुळे हातातली रोकड आणखी किती महिने पुरेल, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत सर्वांत आधी विचारला जाई. दुसरी शिस्त बॅच रेकॉर्डची. कोणता कच्चा माल किती घातला, कोणत्या तापमानाला, किती वाजता आणि कोणाच्या हाताने, हे कागदावर नसेल तर ते काम झालेच नाही असे धरले जाते.

पुढे मी उत्पादन वाढवण्याच्या विभागात आणि नंतर कंपनीच्या व्यवसायवृद्धीच्या कामात गेले. तिथे एक गोष्ट मनावर ठसली. दहा लिटरच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवण्याच्या टाकीत, उत्तम चालणारी प्रक्रिया मोठ्या टाकीत तशीच चालत नाही, कारण टाकीची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की आतला द्रव आठपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग चौपटच वाढतो. सूक्ष्मजीव वाढताना उष्णता निर्माण करणारच. ती काढून घेण्याची सोय आधी केली नसेल, तर भरभरून वाढणारी बॅचच हातची जाते. छोट्या कारखान्याच्या वाढीचेही असेच असते, आणि तिथे उष्णतेच्या जागी उधारी असते.

कौटुंबिक कारणाने कोल्हापूरला परतल्यावर, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात) हिशेब सांभाळलेल्या एका कॉस्ट अकाउंटंट सहकाऱ्यासोबत मी ही फर्म सुरू केली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरीची व्यापारपेठ, त्यानंतर उद्यमनगरातले ऑइल इंजिनांचे कारखाने आणि आता शिरोली, गोकुळ शिरगाव व कागलच्या औद्योगिक वसाहती, असा मोठा वारसा या गावाला आहे. इथल्या कारागिराला कौशल्य शिकवायला बाहेरून कोणी यावे लागत नाही. अडचण असते ती हिशेबाच्या पद्धतीत.

फौंड्रीचेच पाहू. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव नगाचा, दर किलोवर ठरतो, आणि बहुतेक मालक महिन्याचा एकूण खर्च एकूण वजनाने भागून किलोचा सरासरी खर्च काढतात. चाळीस किलोच्या साध्या, भरीव कास्टिंगला आणि तीन किलोच्या, आत गुंतागुंतीचा कोअर (पोकळी राखणारा वाळूचा गाभा) असलेल्या कास्टिंगला एकच सरासरी लावली, तर लहान नगाला लागणारी मोल्डिंगची मजुरी, कोअरची वाळू, फेटलिंगचा (ओतलेला नग साफ करण्याचा) वेळ आणि जास्तीचे रिजेक्शन यांचा भार मोठ्या नगावर पडतो. मग कोटेशन देताना मोठ्या नगाचा दर महाग दिसतो आणि ते काम दुसरीकडे जाते. लहान नगाचा दर स्वस्त पडतो आणि त्याच्या ऑर्डरी आपल्याकडे धावत येतात. म्हणजे जिथे तोटा आहे नेमके तेच काम कारखान्यात साचत जाते, आणि रात्रंदिवस भट्टी पेटती असूनही वर्षाअखेर हातात काही का उरत नाही, हे मालकाला कळत नाही. रिजेक्शनबद्दल ‘माल कुठे जातोय, परत भट्टीतच’ असे सर्रास ऐकू येते. धातू परत भट्टीत जातो हे खरे, पण एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन फर्नेसला साधारण सहाशे युनिट वीज लागते, आणि ती वीज, ती वाळू व ती मजुरी परत येत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक हीटचा (भट्टीच्या एका वितळणीचा) कागद सुरू करतो: ओतलेले वजन, मोल्डची संख्या, रिजेक्शन आणि त्याचे कारण. बॅच रेकॉर्डच तो, फक्त फौंड्रीच्या भाषेत.

उधारीचा हिशेब याहून कठीण आहे. वर्षाला तीन कोटींची विक्री आणि नव्वद दिवसांची उधारी असेल, तर सुमारे ७४ लाख रुपये कायम पार्ट्यांकडे अडकलेले असतात. विक्री सहा कोटींवर गेली की आणखी ७४ लाख लागतात. सहा कोटींवर सहा टक्के नफा झाला तरी तो ३६ लाखच होतो, आणि स्क्रॅपचा व्यापारी तर लवकर पैसे मागतो. उरलेली रक्कम कोठून येणार, हे ठरवल्याशिवाय नवी ऑर्डर घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. सूक्ष्म व लघु उद्योगांचे बिल कराराने ठरले असले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देय होते. २०२३ च्या वित्त कायद्यापासून तर असे थकवलेले बिल प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत खरेदीदाराला ती रक्कम आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. तरीही मोठ्या पार्टीशी संबंध बिघडतील या भीतीने तक्रार करायला फारसे कोणी धजत नाही, आणि ही भीती अनाठायी आहे असे मला म्हणता येत नाही. म्हणून उद्यम नोंदणीचा (लहान उद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक आणि मुदत प्रत्येक बिलावर छापणे, मुदतीच्या आठवडाभर आधी पार्टीच्या अकाउंट्स विभागाला फोन करणे आणि एकाच पार्टीवर अर्ध्याहून जास्त विक्री जाऊ न देणे, यावर आमचा भर असतो.

गुळाच्या कामात माझे मूळ शिक्षण थेट उपयोगी पडते. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण पावसाळ्यात गूळ हवेतला ओलावा शोषतो आणि त्यावर बुरशी धरते. अडतीला रवे (गुळाच्या ढेपा) देण्याऐवजी स्वतःच्या नावाने लहान पाकिटे विकू पाहणाऱ्या गुऱ्हाळमालकाला आधी पॅकिंगचा आणि मगच जाहिरातीचा खर्च धरावा लागतो.

आम्ही महिन्याची ठरावीक फी घेतो. कर्जाच्या रकमेवर टक्केवारी घेत नाही, कारण तशी घेतली की ‘हे कर्ज काढू नका’ असे सांगायला जीभ रेटत नाही. आमचे सगळे तक्ते मराठीत असतात, कारण ते भरणारा माणूस शॉपवरचा फोरमन असतो. गेल्या काही महिन्यांपासून आम्ही या फोरमनांनाच सुटीच्या दिवशी नगागणिक खर्च काढायला शिकवू लागलो आहोत, आणि आता मालकाच्या आधी तेच कोटेशनमधला दर तपासून पाहतात.